खंड तिसरा, मुक्काम खंड्याचा गळा

मी पट्टा बोलतोय. कुत्र्याच्या गळ्यातला. नाकाला रुमाल लावायची गरज नाही, आता मला वास येत नाही. म्हणजे तुम्हाला माझा येणार नाही. मला स्वतःला तो कधीच येत नव्हता, कारण पट्ट्याला नाक नसतं. या गोष्टीत बिननाकाचा मी एकटाच नव्हतो, पण ते यथावकाश कळेल.

खरं तर मी जन्मलो पुस्तकाचा कणा व्हायला. आमचे मालक बाइंडर. खाली दुकान, वर घर. एका जाडजूड ज्ञानकोशाचे पाच खंड त्यांच्याकडे बांधायला आले होते. मालकांनी एकाच लाल चामड्यातून पाच पट्ट्या कापल्या. आम्ही पाच सख्खे भाऊ. मग आमच्यावर सोनेरी अक्षरं ठोकायची वेळ आली. पहिला झाला, दुसरा झाला, आणि माझा नंबर लागला नेमका तेव्हाच वरच्या मजल्यावरून अक्कांनी, म्हणजे मालकांच्या थोरल्या बहिणीने, विचारलं, "अरे, जेवायला येतोस की ताट झाकून ठेवू?"

मालक "आलो" म्हणाले आणि "खंड तिसरा" ही अक्षरं माझ्यावर उलटी बसली. डोकं खाली, पाय वर.

माझे चार भाऊ ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात गेले. तिसऱ्या खंडाला दुसरं चामडं मिळालं. मी खिळ्यावर लटकलो. पण मालकांना चामडं वाया गेलेलं सोसत नाही. जेवणाच्या ताटात त्यांनी काही टाकलं तर अक्का बोलतात, चामड्याचा बोटभर तुकडा टाकला तर ते स्वतःच स्वतःला बोलतात.

त्याच सुमाराला टेबलाखाली एक कुत्रा राहायला आला होता. कोणी आणला नव्हता. एके दिवशी आला, पुठ्ठ्यांच्या कातरणात गोल फिरला, आणि वडिलोपार्जित जागा असावी तसा आडवा झाला. रंग तपकिरी. एक कान उभा, दुसरा आडवा. त्याने तोपर्यंत दोन पट्टे संपवले होते. पहिला चावून खाल्ला. दुसरा बकलासकट कुठेतरी टाकून आला, आणि चेहरा असा की जणू कोणा गरजूला देऊन आलोय.

तेव्हा मालकांनी मला खिळ्यावरून काढलं. दुमडलं, आतून जाड सुती कापडाचं अस्तर लावलं, लांबी भरायला एक तुकडा जोडला. बक्कल लावलं नाही. बक्कल असलं की पट्टा निघतो, हा त्यांचा अनुभव. त्यांनी कुत्र्याला मांडीत घेतलं, मला त्याच्या गळ्याभोवती धरलं, आणि दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन मला तिथल्या तिथे शिवून टाकलं. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवतात तशी पक्की शिवण, वरून गाठ, गाठीवर सरस. पानं फाटतील पण शिवण सुटणार नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. गळ्याला जाच नको म्हणून आत दोन बोटं जातील एवढी जागा सोडली. ही दोन बोटं लक्षात ठेवा.

माझ्यावरची अक्षरं वाचून मालकांच्या मुलीने कुत्र्याचं नाव ठेवलं खंड्या. ही मुलगी दुकानात शिलाईचं काम बघते. आई लहानपणीच गेली, तिला अक्कांनी वाढवलं, त्यामुळे तिची जीभ अक्कांवर गेली आहे आणि हात वडिलांवर.

असा मी गळ्यात पडलो. कपाटातल्या भावांना काच आणि शांतता मिळाली, मला मिळाला ऊबदार गळा, पाऊस, चिखल, मांजरामागे धावणं आणि मांजराने वळून बघितल्यावर परत येणं. तक्रार नाही. माझ्या भावांना सात वर्षांत तीनदा कोणी हात लावला असेल. मला दिवसाला चाळीसदा.

कारण मालकांना एक सवय होती. टेबलावर डावीकडे खळीचं भांडं, झाकण लावलेलं. खळ म्हणजे मैदा शिजवून केलेली चिकट लापशी. झाकण उघडायचं, कुंच्याने कागदावर खळ लावायची, पुठ्ठ्यावर कागद बसवायचा आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी कडेपर्यंत दाबत न्यायचा. कागद नीट बसला की मालक म्हणायचे, "झालं रे." आणि तो हात टेबलाखाली यायचा. तीच दोन बोटं माझ्या आणि खंड्याच्या मधे शिरायची आणि जरा खाजवायची. खंड्याचे डोळे मिटायचे. मग बोटं निघून जायची, पुढच्या पुस्तकाकडे.

बोटं जाताना कोरडी असायची. येताना नसायची. मला हे पहिल्या दिवसापासून कळत होतं, पण मला विचारतो कोण?

सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं. खळीला कीड लागू नये, ती लवकर आंबू नये, म्हणून मालक तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचे. निळे खडे, विषारी. त्या खळीच्या वाटेला जंतू जात नसत. मग गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी खंड्याने मालकांची बोटं चाटली. मालक चाटलेल्या बोटांकडे बघत राहिले. मग भांड्याकडे बघितलं. मग उठले, मोरचुदाची बाटली फळीच्या अगदी मागे, जुन्या बिलबुकांच्या आड ठेवून दिली. कोणाला काही बोलले नाहीत. बाइंडरने खळीत मोरचूद घालत नाही म्हणून सांगणं म्हणजे कुलूपवाल्याने किल्ली करता येत नाही म्हणून सांगण्यासारखं.

पंधरा दिवसांत वास सुरू झाला.

कसला वास म्हणता? आंबट. दमट. ओल्या पोत्यात दही सांडून ते ट्रंकेत ठेवून कोणी प्रवासाला गेलं असावं, असा. हे मी अक्कांच्या तोंडून ऐकलेलं सांगतोय. एक माशी खिडकीतून आत आली, खंड्याभोवती दोन घिरट्या घातल्या आणि काचेवर डोकं आपटू लागली, मला बाहेर सोडा म्हणून. पोस्टमन पत्रं रस्त्यावरून टाकायला लागला, तीही वारा कुठून येतो ते बघून. समोरच्या घड्याळजीचं म्हणणं होतं की खंड्या दारात बसला की त्याच्या दुकानातली घड्याळं पुढे पळतात. त्या माणसाची घड्याळं आधीपासूनच पुढे होती, पण लोकांनी विश्वास ठेवला.

आणि वास सगळ्यांना येत होता, फक्त मालकांना येत नव्हता.

"अरे, तुला खरंच येत नाही?" अक्का विचारायच्या.

"नाही."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

"डोळ्यांत बघून सांगतो. नाही येत."

"कुत्र्यापायी थोरल्या बहिणीशी खोटं बोलायला लागलास. बाबा असते तर काय म्हणाले असते?"

"बाबांनाही कुत्रा आवडायचा."

"कुत्रा. खत नव्हे."

मग शोध सुरू झाला. अक्कांचा पहिला संशय खंड्याच्या पोटावर. त्याचं खाणं बदललं, मग कमी केलं. खंड्या बारीक झाला, वास होता तेवढाच राहिला. दुसरा संशय अंथरुणावर. गोणपाट धुतलं, उन्हात टाकलं, पालथं घालून पुन्हा टाकलं, शेवटी फेकून दिलं. तिसरा संशय दातांवर. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून खंड्याचा जबडा तपासला आणि दात आपल्यापेक्षा बरे आहेत असा निर्वाळा दिला.

चौथा उपाय आंघोळ. मुलीने दर चार दिवसांनी त्याला नळाखाली धरायचं ठरवलं. तीन तऱ्हेचे साबण झाले. पाठ घासली, पोट घासलं, शेपटी पिळली. पण मी शिवलेला. साबण माझ्यापर्यंत यायचा आणि नदी बेटाला वळसा घालून जाते तसा दोन्ही बाजूंनी निघून जायचा. मला फक्त पाणी लागायचं. माझ्या अस्तरात तोवर सात वर्षांची खळ मुरलेली, वरच्या थराला विष नाही, आणि त्यावर दर चार दिवसांनी पाणी. आंघोळीनंतर एक तास खंड्याला फुलांचा वास यायचा. दुसऱ्या तासापासून फुलं हरायची.

दुकानात तर आणखी मौज. मालकांनी खळीच्या भांड्याचं झाकण उघडलं की भपकारा सुटायचा. पाच दिवसांची, बिनमोरचुदाची खळ ती. मुलगी सुई न थांबवता म्हणायची, "खंड्या, सरक तिकडे." खंड्या बिचारा सरकायचा. घरात एकदा कोणावर ठपका बसला की फुटलेली कपबशीसुद्धा त्याच्याच नावावर जाते. अक्का खाली दुकानात यायच्याच नाहीत, शिजणाऱ्या सरसाने त्यांचं डोकं उठायचं. नाहीतर त्या नाकाने भांडं केव्हाच पकडलं असतं.

मी सगळं जाणून होतो. पण खरं सांगू का? मला बोलता येत असतं तरी मी बोललो नसतो. गुन्हा सापडला की मुद्देमाल म्हणून मीच जप्त होणार, हे कळायला ज्ञानकोशाचा कणा असावं लागत नाही.

मग ग्रंथपाल बाईंचा प्रसंग घडला. त्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक. एका सकाळी दारापर्यंत आल्या, थांबल्या, दोन पावलं मागे गेल्या, आणखी दोन गेल्या, आणि रस्त्याच्या पलीकडून, घड्याळजीच्या पायरीवर उभ्या राहून बोलायला लागल्या. "पुस्तकं बाहेर आणून दाखवा." मालक एकेक पुस्तक घेऊन रस्ता ओलांडत होते, मागून खंड्या त्यांना सोबत म्हणून जात होता, आणि बाई पायरी पायरीने वर चढत होत्या. चौथ्या पुस्तकाला पायऱ्या संपल्या.

"बांधणीत खोट नाही," त्या रुमालातून म्हणाल्या. "पण पुढचे खंड दुसरीकडे देईन म्हणते. मला राग नाही. मला श्वास घ्यायचाय."

अक्का खिडकीत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्या दुपारी त्या सात वर्षांत पहिल्यांदा दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत खाली आल्या, पदर नाकाला.

"रविवारी दहा वाजता आपल्या धाकट्या भावाचा टेम्पो येतोय," त्या मालकांना म्हणाल्या. "त्याच्या लाकडाच्या गोदामाला राखणीला कुत्रा हवाच आहे. मोकळी हवा, मोठं कुंपण. खंड्या तिथे जाईल."

"तो राखण कसली करणार?" मालक म्हणाले. "तो हातगाडीला भितो."

"मग तिथे हातगाडी नसेल असं बघू."

"अक्का."

"अक्का काही नाही. मलाही आवडतो तो. पण घर आहे हे."

मालकांनी कुंचा खळीत बुडवला, कागद बसवला, आणि "झालं रे" न म्हणता हात खाली आणला. त्या दिवशी बोटं माझ्या आत फार वेळ राहिली. त्या बोटांना वास होता की नाही ते मला माहीत नाही. ती मात्र खाजवायची थांबत नव्हती.

शनिवारी सकाळी मुलीने शेवटचा उपाय म्हणून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दुकानात बोलावलं. बाई चणीने लहान, पण खंड्याला त्यांनी असं टेबलावर घेतलं जसं मालक रद्दीचा गठ्ठा घेतात. कान बघितले. स्वच्छ. तोंड बघितलं. पंज्यांच्या बोटांमधल्या फटी बघितल्या. शेपटीखाली जे बघायचं ते बघितलं, त्या वेळी खंड्याने भिंतीकडे पाहिलं आणि मीही. तिथेही काही नाही.

"निरोगी आहे," त्या म्हणाल्या आणि त्याच्या मानेवर थाप मारली. हात उचलायला गेल्या तर दोन बोटं जरा चिकटली. त्यांनी बोटं नाकाशी नेली आणि डोकं मागे झटकलं.

"हा पट्टा काढा."

"निघत नाही," मालक म्हणाले. "शिवलाय."

"कोणी शिवला?"

"मी."

"कुत्र्याच्या गळ्यात असताना?"

"पट्टाच शिवला. कुत्रा आत होता."

डॉक्टरीणबाईंनी मुलीकडे बघितलं. मुलीने खांदे उडवले. "बाबा सगळंच शिवतात. माझ्या शाळेच्या दप्तराला यांनी फर्म्याची शिवण घातली होती. शाळा संपली तरी दप्तर फाटलं नाही, म्हणून कॉलेजलाही तेच."

"कापा," बाई म्हणाल्या.

मालकांनी कातर घेतली नाही. आपली शिवण दुसऱ्याने कापलेली त्यांना चालत नाही, पण स्वतः कापायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. शेवटी मुलीनेच त्यांच्या हातात पात्याची सुरी ठेवली. "बाबा, उद्या दहाला टेम्पो आहे."

त्यांनी माझी गाठ कापली. दोरा तरीही एकदम सुटला नाही. एकेक टाका ओढावा लागला, आणि शेवटचा टाका निघाला तरी मी खाली पडलो नाही. मी खंड्याला चिकटलो होतो. सात वर्षांत आमच्या दोघांचंच बाइंडिंग झालं होतं. कोमट पाण्याचा बोळा फिरवत बाईंनी मला सोलून काढलं, उलटं केलं, आणि माझं अस्तर सगळ्यांना दिसलं.

मुलगी खिडकी उघडायला धावली. डॉक्टरीणबाई, ज्यांनी म्हशींची बाळंतपणं केली आहेत, त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. वरून अक्कांचा आवाज आला, "काय मेलंय खाली?"

"खळ," मुलगी म्हणाली. तिने नखाने एक पापुद्रा काढला, मग भांड्याचं झाकण उघडलं, वाकली, आणि तसंच बंद केलं. "तीच ही. पण पुस्तकांना कसा नाही येत वास?"

"पुस्तकात ती वाळत असेल," दारातून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथे तुम्ही दर चार दिवसांनी पाणी घालत होतात. वास कधीपासून आहे?"

"उन्हाळ्यापासून."

"उन्हाळ्यात काय बदललं?"

मालकांनी फळीच्या मागे हात घातला, बिलबुकं बाजूला केली आणि मोरचुदाची बाटली टेबलावर ठेवली. "घालणं बंद केलं," ते म्हणाले. "तो हात चाटतो. विष आहे ते."

"बाबा, मग खळ रोज ताजी करायची ना. ही पाच दिवसांची आहे. तुम्हाला कळलं नाही आंबलीय ते?"

मालकांनी मला उचललं. नाकाशी नेलं, अगदी टेकवलं. आतल्या बाजूने. डॉक्टरीणबाईंनी तोंड फिरवलं. मालकांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "चामडं चांगलं आहे हं हे अजून."

अक्का जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभ्या होत्या, पदर नाकाला लावायला विसरून.

"तुला वास येतच नाही," त्या म्हणाल्या.

"मी सांगत होतो ना. डोळ्यांत बघून सांगितलं."

"कधीपासून?"

"झाली असतील दहा वर्षं. सरसाने नाक गेलं असेल. आधी फुलांचा गेला, मग साबणाचा. तुझ्या फोडणीचा सगळ्यात शेवटी गेला."

"आणि रोज ताटावर बसून 'वास काय सुटलाय' म्हणायचास ते?"

"तू वाट बघायचीस," मालक म्हणाले.

अक्कांनी मग पदर नाकाला लावला, पण तो वासासाठी नव्हता. थोड्या वेळाने त्या पुढे आल्या, खळीच्या भांड्याचं झाकण उघडलं, एकदाच हुंगलं आणि म्हणाल्या, "ओत हे गटारात. आणि धाकट्याला फोन लाव. टेम्पो नको म्हणावं. त्याला राखण हवी असेल तर त्याने हे भांडं न्यावं, चोर जवळ फिरकणार नाही."

घरात खोटारडा ठरलेला एकच माणूस होता आणि तेवढाच खरं बोलत होता. अशी मजा मी कोशाचा खंड झालो असतो तर कुठल्या पानावर वाचली असती?

आता रोज सकाळी अक्का खाली येतात. सरसाने डोकं उठतं म्हणतात आणि येतात. भांडं उघडून हुंगतात आणि "चालेल" किंवा "टाक" एवढंच म्हणतात. मालक तो निकाल मानतात. ग्रंथपाल बाई आधी दारापर्यंत आल्या, मग उंबऱ्यापर्यंत, आणि परवा चक्क खुर्चीवर बसल्या. खंड्याला नवा कापडी पट्टा आला आहे, बकलाचा. त्याने तो दोनदा टाकून दाखवला. दोनदा शोधून आणला.

आणि मी? मुलीने मला सोड्याच्या पाण्यात तीन दिवस बुडवलं, घासलं, वाळवलं. माझा रंग उतरला, सोनं तर गेलंच. "खंड तिसरा"मधलं एक "ख" तेवढं अजून डोकं खाली करून उभं आहे. फेकून देईल असं वाटलं होतं, पण तिने मला टेबलाच्या पायाला, आतल्या बाजूने, बरोबर खंड्याच्या मानेच्या उंचीवर ठोकलं. सात वर्षांची सवय नळाखाली धुऊन जात नाही. कागद बसला, "झालं रे" म्हटलं, की मालकांची ती दोन बोटं अजून तशीच खाली येतात. पहिल्यांदा मला लागतात. माझ्यावर पुसली जातात. मग मालकांना आठवण होते, ते उठतात, हात धुतात, आणि मुद्दाम खाली वाकून खंड्याची मान खाजवतात. पूर्वी ते न बघता करायचे. आता बघून करतात. खंड्याचा यात फायदाच झाला आहे.

माझा शनिवारी सोडा-स्नानाचा कार्यक्रम असतो. बाकी मजेत.

जाता जाता एवढंच सांगतो. तुमच्या घरातही कोणाच्या तरी अंगाला वास येत असेल. कुत्र्याच्या असेल, माणसाच्या असेल. त्याला टेम्पोत घालण्याआधी एकदा बघा, त्याच्या मानेवरून रोज कोणाचा हात फिरतो. मग तो हात धुवा, सावकाश, दोन्ही बाजूंनी. आणि धुऊन झाला की परत तिथेच ठेवा.